मांजराची साक्ष

वसईकडच्या नंदाखालमध्ये लिडियाच्या मांजरांचे डोळे गावातल्या पोरांच्या डोळ्यांपेक्षा स्वच्छ असतात, असं बायका म्हणत. त्यात कौतुक थोडं आणि टोमणा जास्त असे, कारण लिडियाला मूल नव्हतं. रोज सकाळी मागच्या पडवीत बसून ती उकळून गार केलेल्या पाण्यात जुन्या लुगड्याची चिंधी बुडवी आणि एकेका मांजराला मांडीत दाबून त्याचे डोळे पुसून काढी. चिपड नको, लाली नको, पाणी गळायला नको. उन्हात नेलं की बाहुली दाभणाच्या टोकासारखी बारीक व्हायला हवी आणि सावलीत आणलं की फुलायला हवी. यात जे मांजर कमी पडे, ते शेजारी कोणाला तरी उंदरांसाठी देऊन टाकलं जाई. जे कसोटीला उतरे, ते मुंबईला जाई.

मुंबईला म्हणजे सरकारी प्रयोगशाळेत. लिडियाचा नवरा फर्डिनंड तिथे शिपाई होता. विषाचा संशय असलेलं मरण कुठेही झालं की मेलेल्याचं जठर, काळीज, असं काय काय बरणीत भरून, वर लाखेचं सील मारून तिथे यायचं, आणि तो माणूस कशानं मेला ते तिथले साहेब शोधून काढायचे. फर्डिनंड बरण्या उचली, काचेची भांडी धुई आणि मांजर धरी. लग्न झाल्यावर नवऱ्याचं हे काम ऐकून लिडियाला जेवण जात नव्हतं. पुढे तिला त्याची इतकी सवय झाली की भाकरी थापता थापता ती त्याला विचारी, "आज काय होतं? कुचला की धोत्रा?"

फर्डिनंडला सांगायची हौस होती. संध्याकाळचा जपमाळेचा तेर्स झाला, माळा खुंटीला लागल्या, की तो ओट्यावर बसून सुरू करी. "धोत्र्याचं काम फार चिकाटीचं. ते अवयव बारीक करून दारूच्या अर्कात भिजत घालायचे. गाळायचे, आटवायचे, परत धुवायचे, परत आटवायचे. असं करत करत शेवटी बशीच्या बुडाला नखाएवढा डाग उरतो. सगळा माणूस त्या डागात. त्याच्यावर तेजाब घालून सुकवायचं, वर दुसऱ्या औषधाचा थेंब टाकायचा. पिकल्या जांभळासारखा रंग उमटला की धोत्रा."

"मग मांजर कशाला?"

"आमचा साहेब नुसत्या रंगावर सही करत नाही. म्हणतो, मांस नासलेलं असलं की रंग फसवतो. नसताना दिसतो आणि असताना दबतो. म्हणून त्याच डागाचं पाणी करून मांजराच्या एका डोळ्यात थेंब. दुसरा डोळा तसाच ठेवायचा, ताडून बघायला. उजेडात घेऊन बसायचं. थेंब घातलेल्या डोळ्याची बाहुली पसरली आणि उजेडातही पसरलेलीच राहिली, की साहेब सही करणार. नाही पसरली, तर नाही म्हणून सही करणार. पण मांजराशिवाय सही नाही."

"म्हणजे मांजराच्या साक्षीवर माणूस फासावर."

"नाहीतर माणूस सुटतो पण," फर्डिनंड म्हणे. पण सुटलेल्यांच्या गोष्टी तो फारशा सांगत नसे, आणि लिडियाही त्या विचारत नसे.

मुंबईत मांजरांना काय तोटा, असं कोणालाही वाटेल. पण बाजारातली मांजरं डोळे आलेली, नखं काढणारी. साहेबानं एकदा नंदाखालचं मांजर पाहिलं आणि त्यानंतर त्याला दुसरं चालेना. मग घराच्या मागे कामट्यांचा मोठा पिंजरा उभा राहिला. अर्नाळ्याची मथुराबाय टोपली घेऊन दारावर आली की लिडिया तिच्याकडून मासळीची डोकी मांजरांसाठी वेगळी घेई.

लिडियाला एक धाकटी बहीण होती, पॉलिन. आई लवकर गेल्यामुळे तिला लिडियानंच वाढवलं होतं, आणि पॉलिन तिला बाय म्हणे. दोघी एका पोटच्या आहेत हे सांगावं लागे. लिडिया बोलण्याआधी विचार करी आणि मग बहुतेक वेळा बोलतच नसे. पॉलिन बोलून मोकळी होई आणि मागाहूनही विचार करत नसे. तिचं लग्न नंदाखालच्याच खालच्या आळीत, पानवेलीचा मळा असलेल्या मायकलशी झालं. मायकल भांडणारा नव्हता, पण आईच्या शब्दाबाहेर जाणाराही नव्हता, आणि त्याची आई आल्बिना ही माशाच्या तुकड्यांतूनसुद्धा माणसाला त्याची जागा दाखवणारी बाई. मधला तुकडा मुलाला, डोकं स्वतःला, शेपटी सुनेला. पॉलिनला मुलगी झाली, मोनिका, तेव्हा तर शेपटीसुद्धा बारीक झाली.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून पॉलिन मुलीला काखेत घेऊन बहिणीकडे येई आणि आठवड्याची वाफ चुलीपुढे सोडून देई. अशाच एका रविवारी ती फर्डिनंडला म्हणाली, "भावोजी, तुमच्या मांजराला कळणार नाही असं एखादं झाडपान सांगा ना."

"कशाला?"

"आमच्या मायकलला कढीतून देते. आईचं पुरे झालं, आता माझंही थोडं पोटात जाऊ दे त्याच्या."

फर्डिनंड हसला. "मांजराला न कळणारं पुष्कळ आहे. साहेबाला न कळणारं शोधून आण, मग बघू."

"जळ्ळा तुमचा साहेब! माणूस मेल्यावर त्याच्या पोटात डोकावतो. जिवंतपणी कोणी डोकावेल तर शपथ."

तिघंही हसले. लिडिया सगळ्यांत जास्त हसली, कारण पॉलिनची नक्कल करायची पद्धतच तशी होती. सासूसारखा ओठ मुडपून ती हे सगळं बोलली होती.

त्या वर्षी पावसाळा सरला आणि ऑक्टोबरचं ऊन कडक पडलं. मायकलला मळ्यात थंडी वाजून ताप भरला. पॉलिननं त्याला कढी दिली, काढा दिला. दुसऱ्या दिवशी तो कोणाला ओळखेना. तोंड लाल, डोळे तारवटलेले, अंग तव्यासारखं. हवेतून काहीतरी वेचावं तशी त्याची बोटं चालू होती. अंथरुणाच्या कडा ओढून तो पानं खुडत होता, मोजत होता, चुकला की पुन्हा पहिल्यापासून. दवाखान्याचा डॉक्टर येईपर्यंत त्याचा हात थांबला होता.

प्रेत अजून घरातच होतं, तेव्हा आल्बिना अंगणात येऊन ओरडली, "हिनं घातलं! माझ्या पोराला हिनं घातलं!"

शेजारची कोणीतरी म्हणाली की अशी बोटं धोत्र्यानंच चालतात. कोणाला तरी उकिरड्याच्या कडेला वाढलेली धोत्र्याची दोन झाडं दिसली. ती तिथे नेहमीच होती. नंदाखालमध्ये कोणाच्या उकिरड्यावर नव्हती? पण त्या दिवशी सगळे जण ती पहिल्यांदा बघावीत तशी बघत उभे राहिले. वसईहून पोलिस आले. प्रेत नेलं, उघडलं, बरणी भरली, सील केली. आणि पॉलिनला, अंगावर पिणाऱ्या मुलीसकट, घेऊन गेले.

लिडिया तिला कोठडीत भेटायला गेली, तेव्हा तिच्याजवळ भाकरी होती, मोनिकाची दुपटी होती आणि एक प्रश्न होता. भाकरी आणि दुपटी तिनं दिली. प्रश्न दिला नाही. विचारलं तर उत्तर ऐकावं लागेल, आणि ऐकल्यावर ते कायमचं आपल्याजवळ राहील, अशी तिला भीती वाटली.

पॉलिननंही 'मी काही केलं नाही' असं म्हटलं नाही. ती रडलीसुद्धा नव्हती. मुलीला पदराखाली घेत ती म्हणाली, "हिला इथे डास फार चावतात गं. बाय, भावोजींना एक सांग. बरणी त्यांच्याकडेच जाणार ना?"

"हो."

"मग लवकर करा म्हणावं. ती मांजरं खोटं बोलत नाहीत ना? मग झालं तर. लवकर बघा म्हणावं."

लिडिया ते शब्द घेऊन घरी आली आणि सबंध वाटभर ते उलटसुलट करत राहिली. बहिणीच्या चेहऱ्यावर धास्ती नव्हती. नवरा मेलेल्या, पोलिसांनी धरलेल्या बाईच्या चेहऱ्यावर धास्ती का नसावी? याचं एकच उत्तर लिडियाला सुचलं: तिला भावोजींचा भरवसा आहे. भावोजी आतून बघून घेतील, असं ती समजून आहे. म्हणजे बघून घेण्यासारखं काहीतरी आहे. मग तिला तो रविवार आठवला, तो मुडपलेला ओठ आठवला, आणि आपण हसलो होतो हेही आठवलं. माणूस थट्टेत जे बोलतो ते त्याच्या मनात नसतंच असं थोडंच आहे? लिडियानं पॉलिनला वेणी घालण्यापासून वाढवलं होतं. तिचा राग तिला ठाऊक होता. लहानपणी तिनं एकदा रागाच्या भरात शेजाऱ्याच्या बावखलाच्या खोल पाण्यात त्यांची चांगली घागर फेकून दिली होती आणि मागाहून कबूलही केलं नव्हतं. आता त्या घागरीलाही अर्थ आला.

फर्डिनंड मुंबईहून आला तो ओट्यावर बसला. चपला काढता काढता म्हणाला, "आली आज. चिठ्ठीवर मायकलचं नाव होतं. मीच उतरवून घेतली."

"मग?"

"साहेबाला सांगितलं, नात्यातला माणूस आहे. तो म्हणाला, मग या बरणीला तू हात लावायचा नाहीस. मांजरसुद्धा दुसरा शिपाई धरेल."

"तुम्हांला काही करता नाही येणार?"

"काय करता येणार?" फर्डिनंडनं तिच्याकडे पाहिलं. "लिडिया, काय करायचं म्हणतेस?"

"काही नाही."

"जे असेल ते येईल. नसलं तर नाही म्हणून येईल." मग त्याला आठवलं. "पावसाळ्यात तिथली दोन्ही मांजरं खोकून मेली. सोमवारी आपलं कुठलं न्यायचं ते काढून ठेव. रंगाचं काम तोवर होईल, मांजराशिवाय पुढे नाही."

लिडियाच्या पिंजऱ्यात तेव्हा चार मांजरं होती. शनिवारी दुपारी गाव जेवून आडवं झालं असताना ती पिंजऱ्यापुढे उभी राहिली. तिचा हिशोब साधा होता, आणि तिच्याखेरीज दुसऱ्या कोणाला सुचला नसता. मांजर नाही तर सही नाही. सही नाही तर कागद नाही. कागद नाही तर पोलिसांच्या हातात आल्बिनाच्या आरड्याओरड्याखेरीज काही नाही, आणि नुसत्या ओरडण्यावर ते एका बाईला किती दिवस ठेवणार? कंटाळून सोडतील. नुसतं दार उघडून भागणार नव्हतं, भूक लागली की मांजरं परत आली असती. तिनं झाकणाची टोपली घेतली, चौघांना आत कोंबलं, डोक्यावर घेतलं आणि आगाशी गावावरून थेट अर्नाळ्याची वाट धरली.

किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या वलांड्या भरलेल्या होत्या. वाळूवर जवळा, मांदेली पसरलेली. कुठल्याही मांजरानं इथून परत जायचं कारण नव्हतं. तिनं टोपली आडवी केली. चारही जणं क्षणभर वासानं भांबावून थांबली आणि मग वलांड्यांखाली दिसेनाशी झाली. रिकामी टोपली उचलताना कोणीतरी लांबून हाक मारल्यासारखं तिला वाटलं. तिनं मागे पाहिलं नाही.

"दार उघडं राहिलं," ती फर्डिनंडला म्हणाली. "कुत्रं शिरलं वाटतं."

फर्डिनंडनं कंदील घेऊन सगळ्या बागा पालथ्या घातल्या. केळीच्या ओळींतून त्याच्या हाका ऐकू येत होत्या, आणि लिडिया चुलीपुढे बसून त्या ऐकत होती.

प्रयोगशाळेत बाजारातली मांजरं आणून बघितली. एकाच्या डोळ्यावर फूल पडलेलं, दुसऱ्याचे डोळे चिकटलेले, तिसऱ्यानं शिपायाच्या अंगठ्याचा लचका तोडला. साहेब म्हणाला, माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे, मी असल्या डोळ्यांवर सही करणार नाही. बरणी बाजूला ठेवली गेली. तिच्यामागे दुसऱ्या बरण्या आल्या, त्यांची कामं निघाली.

कोर्टाच्या तारखेला लिडिया नवं लुगडं नेसून गेली. पॉलिनला घरी न्यायचं म्हणून तिनं डोलीसुद्धा सांगून ठेवली होती. वकिलाच्या कारकुनानं कागदांतून मान वर न करता सांगितलं, "पुढची तारीख."

"पण मुंबईचा कागद तर आलाच नाही."

"म्हणूनच तर पुढची तारीख."

"कागद नाही, तर सोडायला नको का?"

कारकुनानं आता मान वर केली. "बाई, कागद येईपर्यंत आत. कागदात काही नाही असं आलं तर त्याच दिवशी बाहेर. कागदावाचून कसं सोडतील? खुनाचा संशय आहे."

पॉलिनला तोवर जिल्ह्याच्या तुरुंगात हलवलं होतं. तिला आणलं तेव्हा मोनिका तिच्या खांद्यावर मान टाकून होती. पॉलिन लांबूनच ओरडली, "बाय, काय झालं गं? भावोजींनी अजून बघितलं नाही? हिला हगवण लागलीय. लवकर करा म्हणावं ना!"

तेव्हा लिडियाला पहिल्यांदा असं वाटलं की या आवाजात भरवशाखेरीज दुसरं काही नाही. काही लपवलेलं नाही, काही सुचवलेलं नाही. जिला ठाऊक आहे की बरणीत काही नाही, ती दुसरं काय म्हणेल? ती भिंतीला धरून खाली बसली.

दुसऱ्याच दिवशी ती अर्नाळ्याला गेली. आपली मांजरं तिनं लगेच ओळखली, पण मांजरांनी तिला ओळख दिली नाही. खाऱ्या वाऱ्यानं आणि भांडणांनी त्यांचे डोळे बरबटले होते. एकाचा तर फुटलाच होता. जिथे ती सुकट पुढे करून बसे, तिथे त्यांना सुकटीचं काय अप्रूप? ती परत परत गेली. शेवटी एक करडं मांजर हाती लागलं. त्यानं तिचा हात कोपरापर्यंत फाडला. तिनं सोडलं नाही.

ते मांजर घेऊन ती पडवीत बसली. सकाळी, दुपारी, संध्याकाळी उकळलेलं पाणी, चिंधी. लाली उतरायला वेळ लागत होता आणि घाई करून चालणार नव्हतं. पाठवलं आणि साहेबानं नको म्हटलं तर? इतक्या वर्षांत एका मांजराचे डोळे पुसताना तिनं कधी प्रार्थना म्हटली नव्हती. आता ती प्रत्येक पुसण्याला 'नमो मारिया' म्हणत होती. फर्डिनंड तिच्या हाताकडे बघून म्हणाला, "बहिणीसाठी किती करतेस!" लिडियानं चिंधी पिळली.

मांजर एकदाचं गेलं. त्याच्या डोळ्यात थेंब पडला. फर्डिनंडला खोलीत घेतलं नव्हतं, पण दुसऱ्या शिपायानं बाहेर येऊन त्याला खुणेनं सांगितलं. बाहुली उजेडात बारीकची बारीकच राहिली होती. रंगही आला नव्हता. कुचला, वचनाग, कण्हेर, सगळं तपासून साहेबानं सही केली: वनस्पतीचं किंवा दुसरं कुठलंही विष सापडलं नाही. ताप डोक्यात गेला असणार, असं डॉक्टर मागाहून म्हणाला.

कागद कोर्टात पोचून पॉलिनच्या सुटकेचा हुकूम निघाला, तोवर नाताळआधीचा आगमनकाळ सुरू झाला होता. आणि हुकूम तुरुंगात पोचण्याच्या आदल्या दिवशी मोनिका गेली. तिथल्याच ख्रिस्ती दफनभूमीत तिला पुरलं. लिडिया आणि फर्डिनंड डोली सांगून, नवं दुपटं घेऊन न्यायला गेले, तर पॉलिन रिकाम्या हातांनी दारातून बाहेर आली. हात मात्र तिनं अजून मूल धरल्यासारखेच धरले होते.

आल्बिनानं निरोप धाडला की मुंबईच्या काचेत काही दिसलं नाही म्हणून मला दिसलेलं खोटं होत नाही. म्हणून पॉलिन लिडियाकडे राहिली. ती बोलायची थांबली होती. दिलं तर खाई, सांगितलं तर झोपे. लिडिया तिचे केस विंचरी, तिला न्हाऊ घाली, तिच्यासाठी माशाचा मधला तुकडा काढून ठेवी. नाताळच्या आधी कुमसाराला, फादरपुढे पापं कबूल करायला, गाव लोटलं तेव्हा लिडियाही रांगेत उभी राहिली. पुढच्या बाईचं आटोपलं, जाळीमागून फादर खाकरले, आणि लिडिया वळून चालू लागली. फादरना सांगून टाकलं तर ते पॉलिनला सांग म्हणतील, हे तिला ठाऊक होतं.

सण झाल्यावर एका सकाळी मथुराबाय टोपली घेऊन दारात आली. पॉलिन उंबऱ्याशी तांदूळ निवडत होती.

"लिडियाबाय, डोकी घेनार का?" मथुराबायनं टोपली उतरवली. "आनि बाय, तुझी ती बाकीची मांजरं कवा नेनार? एक नेलंस, तीन ठेवलीस. आमच्या वलांडीवर बोंबील ऱ्हाऊ देत नाहीत. कोनी मानूस टोपलीभर मांजरं आनून दर्यावर सोडतो का? मी हाक मारली तर बघितलंपन नाहीस."

"कधी?" पॉलिननं विचारलं. कित्येक दिवसांत तिनं आपण होऊन विचारलेला तो पहिला शब्द.

"अगो, दिवाळीच्या आगोदर. तुला धरून नेलं ना, त्याच आठवड्यात."

लिडिया म्हणाली, "मथुराबाय, आज नको काही." कोळीण दोघींच्या तोंडांकडे बघून टोपली उचलून निघून गेली.

पॉलिननं सूप खाली ठेवलं. "कुत्रं शिरलं होतं म्हणाले भावोजी."

लिडिया सूप उचलायला वाकली.

"बाय, मांजरं तू सोडलीस?"

"मला वाटलं, कागद आला नाही तर तुला सोडतील."

"कागदात काय येईल असं वाटलं तुला?"

लिडियानं सुपातले तांदूळ हातानं सारखे केले.

"मी तुला सांगितलं होतं, लवकर करा म्हणावं. दोनदा सांगितलं." पॉलिनचा आवाज चढला नव्हता. "तू मला विचारलंस का नाही? नुसतं विचारायचंस. थोबाडीत मारून विचारायचंस."

"मी तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी? म्हणजे मी मायकलला मारलं, असं समजून तू मला वाचवायला निघालीस. आणि मोनिका..." ती थांबली. मुलीचं नाव तिनं त्या दिवसानंतर पहिल्यांदा घेतलं होतं, आणि ते पुढे न्यायला तिच्याजवळ काही नव्हतं.

लिडियानं तिचे पाय धरले. पॉलिननं ते सोडवून घेतले नाहीत, की बहिणीला उठवलंही नाही. हात सैल होईपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग आत गेली, आपलं दुसरं लुगडं घडी करून काखेत मारलं आणि बाहेर पडली.

"कुठे निघालीस?"

"घरी."

"तिकडे? पॉलिन, ती बाई अजून तुला..."

"तिनं अंगणात उभं राहून म्हटलं. तिच्याशी भांडता तरी येईल." पायरी उतरताना ती म्हणाली, "तुझ्याशी काय भांडू, बाय? तू माझे केस विंचरत होतीस."

लिडिया तिच्या मागोमाग खालच्या आळीपर्यंत गेली. बघणाऱ्यांना वाटलं असेल की दोघी बहिणी बाजाराला निघाल्या आहेत. आल्बिना ओट्यावर विड्याची पानं लावत बसली होती. मुलगा गेल्यापासून मळ्याचं काम तिच्या एकटीच्या अंगावर पडलं होतं. सांधे सुजून तिची बोटं वाकडी झाली होती. तिनं वर पाहिलं.

"का आलीस?"

"कामाला," पॉलिन म्हणाली.

आल्बिनानं पानांची करंडी पायानं थोडी पुढे सरकवली. "चुलीला हात लावायचा नाही. पाण्याच्या हंड्याला नाही. तुझं जेवण मी वाढीन, बाहेर."

"बरं."

पॉलिन ओट्याच्या कडेला बसली आणि पानं लावू लागली. मोठी खाली, लहान वर, देठ एका बाजूला. लिडिया कुंपणापाशी उभी होती. तिला आत ये असं कोणी म्हटलं नाही, आणि जा असंही कोणी म्हटलं नाही.